आचरलेली रूपके

मुसी नदीच्या उत्तर तीरावर, अफजलगंजाच्या बाजारपेठेतून पुतलीबावलीकडे जाताना लागणारा गौलीगुडा ही हैदराबादेतील एक जुनी वस्ती. आणि निजामाच्या अंमलात मराठवाड्याचे पाच जिल्हे याच राजधानीच्या दफ्तरांशी बांधलेले असल्यामुळे वकिली, कारकुनी, अध्यापन, व्यापार अशा निमित्तांनी आलेली मराठी कुटुंबे या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांच्या मुलांसाठी जवळच १९०७ साली विवेकवर्धिनी ही शाळा निघाली, आणि त्यांच्याबरोबर अर्थातच कीर्तनही आले. कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला रूपक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. देह ही नगरी, इंद्रिये ही तिची नऊ दारे, मन हा अनावर घोडा, संसार ही दुस्तर नदी, या कल्पना त्याच्या कानांवरून इतक्या वेळा गेलेल्या असतात की बुवांनी पूर्वरंगात त्यांचा उच्चार करताच अर्थ त्याच्या मनात आपसूक उभा राहतो. अशा श्रोत्यापुढे कोणी यहुदी धर्मग्रंथांतील ‘उपदेशक’ या पुस्तकाचा शेवटचा अध्याय ठेवला, तर तो त्याला परका वाटणार नाही. तेथे वार्धक्य हे मोडकळीस आलेल्या वाड्याच्या रूपाने वर्णिले आहे: वाड्याचे रखवालदार थरथरू लागले आहेत, बळकट गडी वाकले आहेत, दळणाऱ्या बाया थोड्याच उरल्यामुळे जाते मंदावले आहे, खिडक्यांतून पाहणाऱ्यांना अंधुक दिसू लागले आहे, रस्त्याकडची दारे लागत चालली आहेत, आणि बाहेर बदामाचे झाड पांढऱ्या फुलांनी बहरले आहे. रखवालदार म्हणजे हात, गडी म्हणजे पाय, दळणाऱ्या बाया म्हणजे दात, खिडक्या म्हणजे डोळे आणि बदामाचा फुलोरा म्हणजे पिकलेले केस, असा किंवा अशाच धर्तीचा अवयवशः उलगडा यहुदी भाष्यकार तालमूदच्या काळापासून करीत आले आहेत. आमच्या एखाद्या हरदासाने तो याहून निराळा केला नसता.

परंतु यहुदी परंपरेतील रूपकाचा एक विशेष असा आहे की त्याची ओळख केवळ श्रवणाने पुरी होत नाही. तेथे रूपक बोलले जाते आणि मग ते हातांनी, पायांनी, कपड्यांनी, घराच्या दारांनी आचरलेही जाते. हा विशेष आपल्याच मुलखात, एकदा या हैदराबाद शहरात आणि पुढे शतकानुशतके कोकणच्या किनाऱ्यावर, कसा प्रकट झाला, याची हकिकत सांगावी असा येथे हेतू आहे.

गोवळकोंड्याच्या तख्तावर अब्दुल्ला कुतुबशाह असताना, सतराव्या शतकाच्या पाचव्या दशकात, एक नग्न फकीर या शहरात येऊन राहिला. त्याचे नाव सरमद. इराणातील काशान येथील यहुदी घराण्यात जन्मलेला हा मनुष्य हिब्रू धर्मशास्त्र शिकला, पुढे मुसलमान तत्त्वज्ञांच्या हाताखाली अध्ययन करून त्याने इस्लाम स्वीकारला, आणि व्यापाराच्या निमित्ताने सिंधमधील ठठ्ठा येथे उतरला असता तेथील अभयचंद नावाच्या हिंदू तरुणावर त्याचा असा जीव जडला की व्यापार, मालमत्ता आणि अंगावरचे वस्त्र या तिहींचा त्याने एकदमच त्याग केला. अभयचंदाला बरोबर घेऊन तो लाहोरमार्गे दक्षिणेत आला. ‘दबिस्तान-ए-मजाहिब’ या नावाजलेल्या फारसी ग्रंथाचा कर्ता, ज्याच्या नावाविषयी विद्वानांत अद्यापि वाद आहे, हिजरी १०५७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४७ च्या सुमारास, हैदराबादेत सरमदाला भेटला. नाना धर्मांची माहिती त्या त्या धर्माच्या जाणत्या माणसांकडून घेऊन नोंदविण्याचा या ग्रंथकाराचा शिरस्ता होता, आणि यहुदी धर्मासंबंधीचे त्याचे प्रकरण सरमदाच्याच सांगण्यावर उभे राहिले. त्या प्रकरणात अभयचंदाने फारसीत उतरविलेला आणि सरमदाने तपासून दिलेला ‘उत्पत्ती’ ग्रंथाचा आरंभीचा भाग समाविष्ट आहे. अंधाऱ्या जलराशीवर पक्षिणीसारखे घिरट्या घालणारे ईश्वराचे चैतन्य आणि मातीच्या पुतळ्याच्या नाकपुड्यांत फुंकलेला प्राण, या दोन आद्य प्रतिमा एका सिंधी हिंदूच्या लेखणीने आणि एका इराणी यहुद्याच्या देखरेखीखाली फारसीत उतरल्या, आणि ज्या ग्रंथाने त्या आपल्यापर्यंत पोहोचविल्या त्याच्या कर्त्याची त्या दोघांशी गाठ या शहरात पडली, ही गोष्ट हैदराबादच्या इतिहासात आजच्याहून ठळक अक्षरांनी लिहिली जावयास हवी.

सरमदाने आपल्या नग्नतेचे समर्थन करताना जो दाखला दिला तो आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. यशया हा प्रेषितही आपल्या अखेरच्या काळात वस्त्रे टाकून हिंडत असे, असे त्याने ‘दबिस्तान’काराला सांगितले. हिब्रू ग्रंथात यशयाची जी कथा आहे ती अशी, की मिसर आणि कूश या देशांच्या बळावर विसंबून राहणाऱ्या लोकांना, त्या देशांचे रहिवासी अश्शूरच्या राजाकडून उघडेबोडके बंदिवान म्हणून नेले जातील, हे दाखविण्यासाठी यशया तीन वर्षे अनवाणी व विवस्त्र वावरला. शब्दांनी सांगावयाचे भविष्य त्याने अंगाने सांगितले. सरमदाने तीच प्रतिमा उचलली, तिच्यातून राजकारण वगळले आणि तिला ईश्वरापुढील निःसंगतेचा अर्थ दिला. पुढे दिल्लीत दारा शिकोहच्या मर्जीतला म्हणून आणि धर्मभ्रष्ट म्हणून त्याच्यावर औरंगजेबाच्या उलेमांचा रोष झाला व १६६१ च्या सुमारास त्याचा शिरच्छेद करण्यात आला. जामा मशिदीच्या पायथ्याशी त्याची कबर आहे. त्याच्या फारसी रुबाया आजही वाचल्या जातात. मात्र त्या रुबायांच्या मागे यशयाची सावली आहे, हे ध्यानात घेणारे वाचक थोडे.

यशया एकटा नव्हता. यिर्मयाने कुंभाराकडून मातीचा चंबू विकत घेतला, गावच्या वडीलधाऱ्यांना आणि याजकांना वेशीबाहेरच्या खोऱ्यात नेले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो फोडून, ही नगरी अशीच फुटेल आणि पुन्हा सांधता येणार नाही, असे जाहीर केले. दुसऱ्या एका प्रसंगी तो बैलाचे जू स्वतःच्या मानेवर घेऊन दरबारी वकिलांपुढे उभा राहिला. यहेज्केलाने विटेवर यरुशलेमचा नकाशा कोरला आणि तिच्याभोवती वेढ्याचे मोर्चे मांडले. मराठी वाचकाला येथे एकनाथांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जोशी, वासुदेव, गोंधळी, महार अशी सोंगे घेऊन नाथांची भारुडे जेव्हा पैठणच्या वाळवंटात उभी राहिली, तेव्हा अध्यात्माचे रूपक असेच देहधारी झाले होते. फरक एवढाच की भारुडातले सोंग उतरून ठेवता येते. प्रेषिताचे जू त्याच्या मानेवरून उतरत नाही, कारण ते त्याच्या समाजाचे भवितव्य असते.

असे का व्हावे, याचा विचार करताना माझी दृष्टी मूर्तिनिषेधाकडे जाते. ज्या धर्माने दगड, धातू, लाकूड किंवा रंग यांत ईश्वराचे रूप घडविण्याची सक्त मनाई केली, त्या धर्माच्या प्रार्थना शब्दमूर्तींनी ओसंडून वाहाव्या, हे वरवर विसंगत दिसले तरी स्वाभाविक आहे. स्तोत्रसंहितेत ईश्वर मेंढपाळ आहे, खडक आहे, ढाल आहे, राजा आहे, पिलांवर पंख पसरणारा पक्षी आहे. प्रकाश हे त्याचे वस्त्र, आकाश हा त्याचा ताणलेला तंबू, आणि सूर्य हा शयनगृहातून बाहेर पडणारा नवरदेव आहे. हे सारे रानात मेंढरे वळणाऱ्या, विहिरीवर भांडणाऱ्या, दव पडले तरच पीक हाती लागणाऱ्या लोकांचे कल्पनाविश्व होय. एकच भाव दोन सम चरणांत दोनदा मांडण्याची या काव्याची पद्धत ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लोथने १७५३ च्या आपल्या ग्रंथात विशद केली, आणि तेव्हापासून युरोपीय पंडितांनी तिचे विवेचन पुष्कळ केले आहे. पण भाविकापुढचा प्रश्न छंदाचा नव्हता. ईश्वराचा हात, ईश्वराचे पाऊल, ईश्वराचे आसन असे जे शब्द येतात, ते खरे मानले तर मूर्तिनिषेध कोठे राहिला? बाराव्या शतकातील महापंडित मैमोनिदेस याने आपल्या ‘मोरे नवुखिम’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात असा एकेक शब्द घेऊन, तो ईश्वराच्या ठायी शब्दशः लावणे म्हणजे मनातल्या मनात मूर्ती घडविणे होय, असे निक्षून सांगितले. सगुण आणि निर्गुण यांचा वाद ज्याने अभंगांतून ऐकला आहे, त्याला ही अडचण लगेच उमगेल. देवळात निर्गुण आणि वाणीत सगुण, अशी तडजोड यहुदी समाजाने केली. आणि वाणीतल्या त्या सगुणालाही स्पर्श करण्याची जी ओढ भक्ताच्या ठिकाणी असतेच, ती त्याने मूर्तीकडे न वळवता कृतीकडे वळविली.

‘शेमा’ या मुख्य प्रार्थनेत ईश्वराच्या आज्ञा हातावर बांधाव्या, डोळ्यांच्या मध्ये धाराव्या आणि दाराच्या चौकटीवर लिहाव्या असे आहे. बाराव्या शतकातील फ्रेंच भाष्यकार रश्बाम याने अशाच एका वचनाचा सरळ अर्थ लावताना, हे सदैव स्मरण ठेवण्याविषयीचे रूपक आहे, असे लिहिले. तरीही रश्बामसुद्धा रोज सकाळी चर्मपट्टी हाताला बांधीतच असणार, कारण त्याच्या समाजाचा रिवाज तोच होता. रूपक ओळखणे आणि रूपक आचरणे यांत त्याला विरोध दिसला नाही.

आता कोकणाकडे वळू. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी कोकणातील यहुद्यांच्या, म्हणजे बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. कुलाबा जिल्ह्याच्या गावोगाव ते तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहिमकर, अष्टमकर, राजपूरकर अशी त्यांची आडनावे त्या गावांचीच आहेत. त्यांच्यापाशी ग्रंथ राहिले नव्हते, हिब्रू भाषा लोपली होती. ‘शेमा’चे शब्द, शनिवार, सुंता, आहाराचे निर्बंध आणि काही सण एवढे शिल्लक होते. लग्न, सुंता आणि तंटेबखेडे पाहण्यासाठी काजी नेमलेले असत व घर मराठी बोलत असे. हाइम सॅम्युएल केहिमकर (१८३०–१९०८) यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीवहून छापून निघाला. त्यात समाजाच्या जुन्या सणांची नावे आढळतात, आणि ती वाचताना माझे मन भरून येते. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, अनशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. हिब्रू धर्मशास्त्राचा एकही शब्द या नावांत नाही. सर्व नावे स्वयंपाकघरातली आणि ओसरीवरची आहेत.

दारफळणीचा सण म्हणजे प्रायश्चित्ताचा महान उपवास, किप्पूर. त्या दिवशी बेने इस्राएल कुटुंब पांढरी वस्त्रे नेसून, अन्नपाणी वर्ज्य करून, घराची दारे लावून आत बसे. परजातीच्या माणसाशी त्या दिवशी बोलणे नाही, व्यवहार नाही, स्पर्श नाही. वाडवडिलांचे आत्मे या काळात घरी येतात, असाही समज होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिळ्या सणाला, दारे उघडत, दानधर्म होई, आप्तेष्टांच्या भेटी घडत. हे सर्व ज्यांनी केले त्यांच्यापैकी बहुतेकांनी किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचा एक शब्दही ऐकलेला नव्हता. ती प्रार्थना सूर्यास्ताच्या वेळी म्हणतात, आणि तिची सारी इमारत एकाच रूपकावर उभी आहे: स्वर्गाची द्वारे आता लागत आहेत, सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला आहे, ती बंद होण्याआधी आत घ्यावे. मुळात यरुशलेमच्या मंदिराचे दरवाजे दिवसअखेर बंद होत, त्या क्षणाची ही प्रार्थना. मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर दरवाजे आकाशात गेले. ग्रानाडाचा कवी मोशे इब्न एझ्रा याने अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात याच घटकेसाठी रचलेले गीत ज्या सेफार्दी प्रार्थनापद्धतीत म्हटले जाते, तीच पद्धत पुढे बेने इस्राएलांनी स्वीकारली. म्हणजे ज्या वेळी कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि छापील पुस्तकांनी ही प्रार्थना मुंबईत आणि कोकणात पोहोचविली, त्या वेळी ती ऐकणाऱ्यांनी आपल्या सणाच्या दिवशी आपल्या घराचे दार कित्येक पिढ्या लावलेलेच होते. हा निव्वळ योगायोग असे मी मानीत नाही. प्रार्थनेचे शब्द विस्मृतीत गेले, अर्थ पुसट झाला, तरी तिची कृती, दिंडी लोटून अडसर घालण्याएवढी साधी आणि मुलालाही करता येण्याजोगी, आईकडून लेकीकडे चालत राहिली, असेच मला वाटते.

अनशी ढाकाच्या सणाचेही तसेच. हा वल्हांडणाचा सण. त्याच्या आठ दिवसांत आंबलेले काही घरात चालत नाही, आणि कोकणातल्या घरात आंबटाचे भांडे म्हणजे मातीचे अनस. ते झाकून ठेवावयाचे, एवढीच मिसर देशातून घाईने निघालेल्या पूर्वजांची आठवण. रब्बींच्या ग्रंथांत खमिराला फुगलेल्या अहंकाराचे प्रतीक मानले आहे. रोह्याच्या किंवा पेणच्या गृहिणीला तो अर्थ कोणी सांगितला नव्हता, परंतु झाकण तिने न चुकता घातले. बिरड्याचा रोजा हा मंदिराच्या दोन्ही विध्वंसांचा शोकदिन. विलापगीतांत ओस पडलेली नगरी विधवेसारखी एकटी बसली आहे आणि तिचे वडीलधारे मुकाट्याने जमिनीवर बसले आहेत. कोकणात लोक जमिनीवर बसत आणि पानावर वालाचे बिरडे वाढून उपवास सोडीत. नव्या वर्षाच्या दिवशी पाण्याकाठी जाऊन पापे पाण्यात सोडण्याचा जो विधी मुंबईच्या समुद्रकिनारी होतो, त्याचे मूळ मीखा प्रेषिताच्या एका प्रतिमेत आहे, की ईश्वर आपली पापे सागराच्या तळाशी फेकून देईल.

या सर्वांहून हृद्य म्हणजे एलियाहू हन्नाबी. हा प्रेषित मेला नाही, अग्नीच्या रथातून वावटळीत वर गेला, असे राजांच्या इतिहासात लिहिले आहे. बेने इस्राएल समाजाच्या श्रद्धेप्रमाणे तो रथ अलिबागेजवळ खंडाळे-सागाव परिसरात खडकाला टेकून गेला, आणि तेथील पाषाणावरच्या खुणा त्याच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या आहेत. ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणून ते स्थान प्रसिद्ध आहे. नवस बोलला, फिटला, लग्न ठरले, घर बांधले, प्रवास सुखरूप झाला, की मलिदा करावयाचा: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे, आणि ताटाभोवती बसून प्रेषिताचे स्तवन. हिब्रू पंचांगातील शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी त्याचा उरूस. सुफी पिराचा उरूस, कोकणी नवस आणि हिब्रू प्रेषित यांचे असे एकत्र नांदणे पाहून कोणा कर्मठाने नाक मुरडावे. मला मात्र त्यात प्रतिमेची चिवट जीवनशक्ती दिसते. यहुदी धर्माने पाषाणात देवाचे रूप कोरू दिले नाही, पण देवाच्या दूताचा रथ जेथून गेला त्या पाषाणावर हात ठेवण्यास त्या कोकणी माणसाला कोणी अडविले नाही.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ परत आला, आणि तो मराठीतून आला. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने १८३२ साली मराठीत हिब्रू व्याकरण छापले, त्यात त्याचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएल तरुणांनी ते घेतले आणि त्याचा उपयोग आपल्या प्रार्थना वाचण्यासाठी केला. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे सिद्ध करून समाजावर केवढे उपकार केले, त्याचे मोल आज सांगता येणार नाही. १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ हिब्रू व मराठीत निघाला. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसून बसल्या आहेत. त्या रात्रीच्या ताटात तर रूपक अक्षरशः खाल्ले जाते: कडू भाजी हे गुलामगिरीचे दुःख, खजुराचा दाट गोड रस ही विटांची माती, मिठाचे पाणी हे अश्रू.

आणि मग कीर्तन. हिब्रू ग्रंथांतल्या कथा मराठी पद्यात आणण्याचा थोर उपक्रम त्याआधी एकदा झाला होता. फादर स्टीफन्सने १६१६ च्या आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात आदामापासूनच्या कथा ओवीबद्ध केल्या होत्या. पण ते ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे काम होते. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी हिंदू हरदासांची कीर्तने ऐकून आपले कीर्तनोत्तेजक मंडळ काढले, बिन्यामीन शिमशोन अष्टमकर यांच्यासारखे कीर्तनकार पुढे आले, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, अभंग, ओवी या घरच्या वृत्तांत उभी राहिली. जी प्रतिमा शेसव्वाशे पिढ्यांमागच्या वाळवंटात जन्मली, जी कोकणात मुक्याने आचरली गेली, तिला येथे प्रथमच तिच्या धारकांच्या स्वतःच्या बोलीत कंठ फुटला. ऐकणाऱ्यांत अशा वृद्धा असतील, ज्यांनी आयुष्यभर दारफळणीला दार लावले आणि अनस झाकले. आपण काय करीत होतो, ते त्यांनी टाळ-पेटीच्या साथीत या वयात ऐकले असेल.

१९४८ नंतर या समाजाचा मोठा भाग इस्राएलमध्ये गेला. तेथेही घरोघर मलिदा होतो, पुढे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघू लागले, आणि एलियाहू हन्नाबीचे स्तवन मराठी वळणाच्या चालीवर म्हटले जाते. ‘ख्रिस्तपुराणा’वर मराठीत जेवढे लिहिले गेले, त्याचा शतांशही या कीर्तनांच्या वाट्याला आलेला नाही. त्यांच्या पोथ्या आणि जुन्या छापील प्रती जेथे सापडतील तेथून मिळवून, आख्यानागणिक मूळ हिब्रू कथेचा संदर्भ देऊन आणि शक्य तेथे चालींची नोंद करून, त्यांची साक्षेपी आवृत्ती निघाली पाहिजे. आणि त्या चाली ज्यांच्या कानांत आहेत अशी माणसे हयात आहेत तोवरच ती निघाली पाहिजे.